बाजूने हात

अल्मेडाबाईंनी खडकीहून फोनवर सांगितलं,
हात वरून घालू नकोस.
वरून घार येते.
पिल्लांना जन्मतः तेवढंच पाठ असतं,
बाकी सगळं शिकवावं लागतं,
पाणी म्हणजे काय, हेसुद्धा.

फुरसुंगीत घारींना तोटा नाही.
कचरा डेपोवरून उठतात,
आमच्या अंगणावर एक फेरी मारून जातात.
सावली आधी, घार नंतर.

टर्कीणीचा पाय सुजला होता.
लंगडताना तिने स्वतःचीच दोन तुडवली,
तिला कळलंही नसेल.
म्हणून ती आता शकिलाच्या परसात, भिंतीपलीकडे,
आणि उरलेली नऊ माझ्या पडवीत,
फ्रिजच्या खोक्यात.

खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल केले.
कोपरा दिसला की भ्यालेली पिल्लं त्यात घुसतात,
एकावर एक,
आणि तळातलं गुदमरतं.
खाली भाताचं तूस, वर साठचा बल्ब
दोरीने वर-खाली होणारा.
खाली गोळा झाली तर थंडी,
कडेला पळाली तर उकाडा,
पसरून लोळली तर मी चहा टाकायला मोकळी.

पाण्याच्या ताटलीत भाच्याच्या गोट्या सोडल्या,
पोटात हिरवी नागमोडी रेघ असलेल्या.
चमक बघून चोच मारतात
आणि चोच ओली होते.
तहान लागलेल्यांनाही पाणी फसवूनच पाजावं लागतं.
उकडलेलं अंडं किसून,
कांद्याची पात कात्रीने बारीक,
कापडाचीच कात्री,
आता शाळेच्या गणवेशांना कांद्याचा वास.

पण ओरडणं.
तीन सूर, शेवटचा वर चढलेला,
कुणीतरी दारातून नाव घेऊन विचारावं तसा.
भिंतीपलीकडून ती उत्तर देते.
मग नऊच्या नऊ त्या बाजूच्या पुठ्ठ्याला
छाती टेकून उभी.
पहिल्या रात्री मी दोनदा उठून
भिंतीपर्यंत जाऊन आले.
कशाला, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या रात्री काम होतं,
हडपसरच्या शाळेचे चाळीस निळे फ्रॉक.
मशीन चालू केलं
आणि खोकं गप्प.
बॉबिन भरायला थांबले,
पुन्हा नऊ प्रश्न.
पाय दाबला. गप्प.
हे अल्मेडाबाईंनी सांगितलं नव्हतं.

उरलेल्या कापडाच्या पट्ट्या
आडव्या काठीला बांधून खोक्यात टांगल्या,
तुसापासून चार बोटं वर.
एकेक करून आत शिरली.
पंख नव्हेत ते, टेरिकॉट.
त्यांनी चौकशी केली नाही.

चाळीस फ्रॉक झाले.
मग मी उशांचे अभ्रे शिवले,
एक पिशवी शिवली,
ती पिशवी ठेवायला आणखी एक.
शकिला भिंतीवरून म्हणाली,
बाई, वीजबिल कोण भरणार?

पाचव्या दिवशी तीच म्हणाली,
तुझी टर्कीण गप्प झाली गं.
सूज उतरली, दाणे टिपते, माझ्या कोंबड्यांवर दादागिरी करते.
मी लगेच खडकीला फोन लावला.
आता नको, अल्मेडाबाई म्हणाल्या,
आता ती त्यांना टोचेल.
आणि मग बराच वेळ
त्यांच्या सुनेच्या तब्येतीबद्दल बोलत राहिल्या.

पिल्लं अजून दोन दिवस विचारत होती.
सातव्या दिवशी फक्त एकच, सर्वात बारकं,
तेही खाता खाता, सवयीने.

मी बाजूने हात घातला,
तळवा वर, तुसावर टेकवून.
बारकं चढलं, अंगठ्याच्या नखाला गोटी समजून
दोनदा टोचलं, आणि बसलं.
वजन म्हणाल तर दोन रिळांचं.

तेवढ्यात अंगणातून सावली सरकत गेली.
आठ पट्ट्यांखाली दडली,
नववं माझ्या हातात चपटं झालं,
आणि माझीही मान
आपोआप खांद्यात गेली.
दुसरा हात मोकळा नव्हता.
पाय पुढे केला, पायडल शोधलं,
आणि सुईत दोरा नसतानाच
मशीन चालवत बसले.